सहा खुर्च्यांचा खेळ

गेल्या दिवाळीत माझी भाची चार दिवस आमच्याकडे राहायला आली होती. ती बंगळूरला नोकरी करते, एकटी राहते. दिवसभर ती आमच्यात असे. चकल्या तळायला बसे, आकाशकंदिलाची दोरी बांधायला मदत करी. पण रात्री जेवणे आटोपली, की ती आपला संगणक घेऊन आतल्या खोलीत जाई आणि दार लोटून घेई. मग दाराआडून तिचे हसणे ऐकू येई, मधूनच एखादी आरोळी येई. कुणाला तरी ती मागे हटायला सांगत होती, कुणाला तरी वाचवायला धावत होती. दुसऱ्या रात्री मला राहवले नाही. वडीलकीच्या नात्याने मी म्हणालो, "अगं, घरात इतकी माणसे असताना तू भिंतीशी कसली बोलत बसतेस?"

"भिंतीशी नव्हे, मामा," ती म्हणाली. "पलीकडे पाच माणसं असतात."

मी जे काही बोललो ते इथे सांगण्यासारखे नाही. त्यात 'व्यसन' हा शब्द दोनदा आला होता एवढे आठवते. ती रागावली नाही. जाताना तिने एका कागदावर एक नाव लिहून दिले, 'द गिल्ड'. म्हणाली, "हे आधी पाहा, मग आपण भांडू."

हा लेख म्हणजे त्या भांडणाचा निकाल आहे असे समजायला हरकत नाही. मात्र निकाल लागायला बराच वेळ लागला. पहिल्या खेपेस मी दोन भाग पाहिले आणि यंत्र बंद केले. 'द गिल्ड' ही अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या परिसरात तयार झालेली वेबमालिका. तिचा एकेक भाग तीन मिनिटांपासून सात-आठ मिनिटांपर्यंतचा. पाहावे तर साध्या घरातल्या साध्या खोल्या, चेहऱ्यावर सपाट उजेड, आणि खुर्चीत बसून कानाला ध्वनियंत्र लावून बोलणारी माणसे. आपल्याकडे महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात अर्ध्या तासाची नाटुकली होतात, त्यांची मला आठवण झाली. पडदा कुणाच्या तरी घरचा, टेबल कार्यालयातून उचलून आणलेले, आणि उत्साह मात्र अपरंपार! अशा प्रयत्नांकडे पाहताना आपण मनातल्या मनात एक सवलत देत असतो. 'बिचाऱ्यांनी पदरमोड करून केले आहे, चालायचेच' असे म्हणतो. ही सवलत म्हणजे एक प्रकारचा अपमानच असतो. पण टाळ्यांच्या आवाजात तो कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या खेपेस मी ही सवलत न देता पाहायचे ठरवले. आणि मला असे आढळून आले, की या मालिकेला तिची गरजच नाही.

आधी तिची जन्मकथा सांगितली पाहिजे, कारण कलाकृतीचा आणि तिच्या पैशाचा संबंध इतका उघड क्वचितच पाहायला मिळतो. फेलिशिया डे ही हॉलिवुडमधली नटी. तिचे शाळेचे शिक्षण बरेचसे घरीच झाले. सोळाव्या वर्षी ती टेक्सस विद्यापीठात गेली आणि तिथे गणित व व्हायोलिन असे दोन विषय घेऊन पदवीधर झाली. हॉलिवुडमध्ये तिला कामे मिळत होती, पण ती छोटी. मधल्या काळात 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या संगणकावरच्या खेळाने तिला पुरते गिळले. हा खेळ 2004 साली निघाला. जगभरची माणसे आपापल्या घरी बसून एकाच काल्पनिक मुलखात वावरतात, संघ करून राक्षसांशी लढतात, अशी त्याची रचना. या संघालाच 'गिल्ड' म्हणतात. त्या नादातून बाहेर पडल्यावर या बाईने जे भोगले त्यावरच एक विनोदी संहिता लिहिली. ती अर्ध्या तासाच्या दूरचित्रवाणी-मालिकेच्या मापाने बेतलेली होती. पण रोज रात्री संगणकापुढे बसणाऱ्या सहा माणसांची गोष्ट सर्वसाधारण प्रेक्षकांना कशी रुचावी? दूरचित्रवाणीच्या दारातून तिला वाट मिळण्याची चिन्हे दिसेनात. तेव्हा किम एव्ही या तिच्या मैत्रिणीने सुचवले, की हे आपणच चित्रित करू आणि यूट्यूबवर लावू.

पहिले तीन भाग त्यांनी स्वतःच्या पैशाने केले. राहत्या घरांतून चित्रण झाले. पहिला भाग 2007 च्या जुलैअखेरीस प्रसिद्ध झाला. तिसऱ्या भागानंतर पैसे संपले. मग त्यांनी आपल्या संकेतस्थळावर देणगीसाठी एक खिडकी उघडली आणि प्रेक्षकांना सांगितले, की पुढे काय होते ते पाहायचे असेल तर हातभार लावा. प्रेक्षकांनी तो लावला. चौथ्या भागापासून दहाव्या भागापर्यंतचे पहिले पर्व जवळजवळ सर्वस्वी या वर्गणीवर पुरे झाले.

वर्गणी ही गोष्ट आपल्याला नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा-पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला आणि त्यातून तळेगावला काचकारखाना निघाला. चित्रपटांतच पाहायचे तर 1976 चा 'मंथन' आहे. गुजरातेतल्या पाच लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि श्याम बेनेगलांनी तो चित्रपट केला. त्याची पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. आपल्याच पैशाने झालेला आपलाच चित्रपट पाहायला शेतकरी ट्रक भरभरून आले होते. तेव्हा लोकांच्या पैशातून चांगली कलाकृती निर्माण होऊ शकते, यात वाद नाही.

पण 'मंथन'चे दोन रुपये आणि 'द गिल्ड'ची देणगी यांत एक फरक आहे, आणि माझ्या मते या मालिकेचे सारे मर्म त्या फरकात आहे. 'मंथन'मधला शेतकरी हा नायक आहे. तो अन्यायाविरुद्ध उभा राहतो, त्याचा गौरव होतो. 'द गिल्ड'चे वर्गणीदार कोण होते? बहुतेक सगळे असले खेळ खेळणारेच. आणि ही मालिका कुणाची थट्टा करते? त्यांचीच! त्यांच्या न आवरलेल्या खोल्यांची, चुकवलेल्या जेवणांची, दारावरची घंटा वाजली की दचकणाऱ्या स्वभावाची. राजाश्रयाने जगणारा कवी राजाची स्तुती करतो. लोकाश्रयाने जगणारा कलावंत लोकांची खुशामत करतो, असा आरोप आपण टीकाकार मंडळी नेहमी करीत असतो. इथे मात्र तीन भाग पाहून, आपली कशी टर उडवली जाते आहे हे नीट समजून, लोकांनी पुढच्या थट्टेसाठी पैसे मोजले. असे का व्हावे?

याचे उत्तर मालिकेतल्या माणसांकडे पाहिले म्हणजे मिळते. ही माणसे सहा. कोडेक्स ही नायिका. हे तिचे खेळातले नाव, खरे नाव सिड. फेलिशिया डेनेच ही भूमिका केली आहे. खेळात कोडेक्सचे काम जखमी सोबत्यांना बरे करण्याचे, म्हणजे ती संघाची वैदू. प्रत्यक्षात तिची तिलाच औषध पाहिजे अशी अवस्था. पहिल्याच भागात तिचा मानसोपचारतज्ज्ञ तिला सांगून टाकतो, की यापुढे मी तुला तपासणार नाही. रोग्याने वैद्य सोडल्याचे आपण ऐकतो. वैद्यानेच रोगी सोडावा, यात जो विनोद आहे तोच या मालिकेचा विनोद आहे. हसू येते, आणि हसून झाल्यावर त्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही.

व्होर्क हा संघाचा म्होरक्या. नियमांवर त्याचे निरतिशय प्रेम, आणि काटकसर अशी की तिला व्रताचे रूप आलेले. क्लारा ही तीन लहान मुलांची आई. मुले कडेवर आणि पायांत घेऊनच ती लढाईवर जाते, आणि लढाई रंगात आली की मुलांचा तिला विसर पडतो. ब्लेड्झ हा शाळकरी वयाचा उद्धट पोरगा. टिंकरबल्ला ही तरुणी इतकी थंड, की आपले खरे नावदेखील ती सोबत्यांना कळू देत नाही. संघाची लढाई चालू असतानाही तिच्या हातात दुसरा एक छोटा खेळ असतो. आणि सहावा झाबू. त्याचे खरे नाव सुजन बालकृष्णन गोल्डबर्ग, म्हणजे घरात अर्धा हिंदू आणि अर्धा ज्यू वारसा. संदीप पारीख या भारतीय वंशाच्या नटाने ही भूमिका केली आहे. कोणत्याही शब्दाला शेवटी 'ड' लावून त्याचे इंग्रजी क्रियापद बनवायची झाबूला खोड आहे. कोडेक्सचे आपल्यावर प्रेम आहे असा गैरसमज करून घेऊन हा गृहस्थ एके दिवशी सामानासकट तिच्या दारात उभा राहतो, आणि तिथून कथेला सुरुवात होते.

आता यातली गंमत पाहा. हे सहाजण रोज रात्री एकमेकांशी तासन्‌तास बोलत आले आहेत. एकमेकांचे प्राण त्यांनी शेकडो वेळा वाचवले आहेत. पण एकमेकांना पाहिलेले मात्र कुणीच नाही! झाबूचे संकट कोसळल्यावर कोडेक्स सुचवते, की आपण सगळे एकदा प्रत्यक्ष भेटू या. या साध्या सूचनेने संघात जी घबराट माजते, ती राक्षसाच्या हल्ल्यानेही कधी माजली नसेल. एका उपाहारगृहात ही भेट होते. समोरासमोर बसल्यावर काय बोलावे ते कुणाला सुचत नाही. हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. हा प्रवेश लिहिणारी लेखिका त्या टेबलाशी स्वतः बसलेली आहे, याचा अर्थ ती तिथे नुसती नटी म्हणून बसलेली नाही. बाहेरचा लेखक असता तर त्याने या माणसांची कीव केली असती, किंवा त्यांना विदूषक करून सोडले असते. ती दोन्ही करीत नाही. ती घरातल्या माणसाने घरातल्या माणसाची करावी तशी थट्टा करते, आणि अशी थट्टा कुणालाच लागत नाही. वर्गणीदारांनी पैसे का दिले, याचे उत्तर माझ्या मते हेच. आपल्याला कुणीतरी आतून ओळखले आहे, हे सुख खुशामतीच्या सुखाहून मोठे असते.

आता तंत्राविषयी थोडेसे. या गोष्टीत महायुद्धे आहेत, राक्षस आहेत, सोन्याच्या राशी आहेत. आणि पहिल्या पर्वात त्यातले जवळजवळ काहीही डोळ्यांना दिसत नाही! दिसतात ते फक्त खेळणाऱ्यांचे चेहरे. कुणी ओरडतो, कुणी वाकतो, कुणाची बोटे कळफलकावर धावतात, आणि आपण समजायचे की मोठी धुमश्चक्री चालली आहे. मोठा निर्माता असता तर त्याने पहिल्याच मिनिटाला आग ओकणारा राक्षस दाखवला असता. यांच्याजवळ राक्षसाला पैसे नव्हते. पण नसलेल्या पैशाने त्यांना एक मोठा धडा शिकवला. तमाशातला सोंगाड्या मंचावर एक गिरकी घेतो आणि सांगतो, की आलो मी पंढरपुराला. आपण ते मानतो, कारण आपल्याला पंढरपूर बघायचे नसते, सोंगाड्याला पाहायचे असते. इथेही तेच झाले आहे. राक्षस दिसला असता तर आपण राक्षस पाहिला असता. तो दिसत नाही, म्हणून आपण कोडेक्सचा चेहरा पाहतो, आणि तिच्या चेहऱ्यावर आपल्याला असे काही दिसते जे कोणत्याही राक्षसापेक्षा विलक्षण आहे: घरातून बाहेर पडायला भिणारी ही मुलगी त्या अदृश्य मुलखात शूर आहे, दयाळू आहे, आणि आनंदात आहे.

प्रत्येक भागाच्या आरंभी कोडेक्स कॅमेऱ्याकडे तोंड करून एकटीच बोलते. जुन्या नाटकातल्या स्वगताचा हा नवा अवतार म्हणायला हवा. आपल्याकडे स्वगत नाटकातून हद्दपार झाले, कारण माणूस एकटा असताना मोठ्याने बोलत नाही असे वास्तववाद्यांनी ठरवले. संगणकाने ते खोटे पाडले. आज कितीतरी माणसे एकटी असताना यंत्राच्या डोळ्यापुढे मोठ्याने बोलत असतात. तेव्हा हे स्वगत कृत्रिम तर वाटत नाहीच, उलट ते अगदी खरे वाटते. आणि त्यासाठी लागते काय, तर एक खुर्ची, एक दिवा आणि एक नटी. फेलिशिया डेचा अभिनय या स्वगतांत उत्कृष्ट आहे. वाक्य सुरू करायचे, मध्येच त्याची लाज वाटून ते फिरवायचे, आणि शेवटी मूळ वाक्यापेक्षा लाजिरवाणे असे काहीतरी बोलून जायचे, हे तिला फार छान साधते.

पहिल्या पर्वाची गुंफण मला विशेष आवडली. झाबूची आई आपल्या मुलाला परत न्यायला येते. ही आई म्हणजे मुलाला विसाव्या वर्षानंतरही पदराखालून बाहेर न सोडणारी. इकडे ब्लेड्झ रुसतो आणि संघाच्या तिजोरीतले सोने लुटून मोकळा होतो. संघ फुटायला येतो. आणि शेवटच्या भागात ही भित्री माणसे खेळात शिकलेले डावपेच खऱ्या दिवाणखान्यात वापरून त्या आईशी सामना देतात. खेळाचे जग आणि घराचे जग यांच्यामधली भिंत इथे पडते. आजवर ज्या गोष्टीला सगळे 'फुकट वेळ घालवणे' म्हणत आले, तिने या माणसांना एकमेकांसाठी उभे राहायला शिकवले, हे सत्य कुणीही भाषण न करता आपल्यापर्यंत पोचते.

दोष नाहीत असे नाही. झाबूची आई हे पात्र निव्वळ हुकमी हास्यासाठी भडक केलेले आहे. मुलाला सोडता न येणाऱ्या आईचे दुःख लेखिकेने एकदा जरी आतून पाहिले असते, तर शेवटचा सामना अधिक खोल झाला असता. क्लाराच्या मुलांची आबाळ विनोदात काढली आहे. पहिल्यांदा हसू येते, तिसऱ्यांदा मन खट्टू होते. टिंकरबल्लाला पहिल्या पर्वात एकच सूर दिलेला आहे. शिवाय खेळाडूंच्या बोलीतले कित्येक शब्द माझ्यासारख्याच्या डोक्यावरून गेले. कुणीतरी जवळ बसून अर्थ सांगणारे असले तर बरे. आणि कुटुंबवत्सल वाचकांसाठी आणखी एक सूचना. यातले काही विनोद प्रौढांसाठी आहेत. तेव्हा घरातल्या लहान मुलांना मांडीवर घेऊन पाहण्याची ही मालिका नव्हे. कॉलेजात जाणाऱ्या मुलांबरोबर मात्र अवश्य पाहावी. किंबहुना त्यांच्याबरोबरच पाहावी.

पुढे या मालिकेचे दिवस पालटले. 2008 साली तिला यूट्यूबचे उत्कृष्ट मालिकेचे पारितोषिक मिळाले. मोठ्या कंपन्यांची बोलणी सुरू झाली. इथे फेलिशिया डेने जो बाणेदारपणा दाखवला त्याची नोंद केली पाहिजे. मालिकेची मालकी सोडायला ती तयार झाली नाही. दुसऱ्या पर्वापासून मायक्रोसॉफ्टसारखी बडी कंपनी पाठीशी आली, पण पात्रे आणि कथा यांवरचा हक्क लेखिकेकडेच राहिला. सहा पर्वे होऊन 2013 च्या जानेवारीत मालिका संपली. पुढच्या पर्वांतून पैसा दिसू लागतो. उजेड सुधारतो, वेष बदलतात, पाहुणे कलावंत येतात. पाचवे पर्व तर खेळाडूंच्या एका भव्य संमेलनात घडते, आणि सहाव्यात नायिका थेट खेळ बनवणाऱ्या कंपनीतच नोकरीला लागते. या पर्वांत मौज पुष्कळ आहे. तिसऱ्या पर्वात विल व्हीटनने रंगवलेला प्रतिस्पर्धी संघाचा म्होरक्या मला फार आवडला. पण खरे सांगायचे तर गर्दी जसजशी वाढत गेली, तसतसा त्या सहा खुर्च्यांमधला एकांत कमी होत गेला. मला पुन्हा पाहावेसे वाटते ते पहिले पर्वच. ते सगळे मिळून तासाभराच्या आसपासच आहे; फराळाच्या एका बैठकीत संपेल.

म्हणजे गरिबीतच कला फुलते, असा सिद्धांत मला मांडायचा आहे काय? मुळीच नाही. असले सिद्धांत पोट भरलेल्या टीकाकारांनाच सुचतात. वर्गणीची दुसरी बाजूही आहे. 2010 साली अमेरिकेतच 'पायोनियर वन' नावाची मालिका अशीच प्रेक्षकांच्या पैशाने सुरू झाली. आकाशातून एक यान कोसळते, आत रशियन अंतराळवेषातला एक तरुण सापडतो, आणि तो मंगळावरून आला आहे असा संशय येतो, अशी तिची जबरदस्त कल्पना. पहिल्या भागाला सुमारे सहा हजार डॉलर जमले. पुढे वर्गणी येत राहिली आणि भाग निघत राहिले. पण सहा भागांनंतर ते थांबले ते थांबलेच, आणि कथा जिथे उंबरठ्यावर आली होती तिथेच उभी राहिली. लोकांचे प्रेम खरे असते, पण ते दर महिन्याला पगारासारखे येत नाही. प्रकाशयोजना करणाऱ्याला घरभाडे मात्र दर महिन्याला द्यावे लागते. तेव्हा पदरमोडीचे कौतुक करताना, ज्यांचा पदर मोडतो त्यांचा विचार करावा.

माझे म्हणणे इतकेच आहे, की 'द गिल्ड' पाहावी ती स्वस्तात झाली म्हणून नव्हे. ती पाहावी ती, स्वस्तात झाल्यामुळे तिला कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही म्हणून. परवानगी घ्यावी लागली असती तर कुणीतरी म्हणाले असते, नायिका जरा आनंदी करा. कुणी म्हणाले असते, शेवटी तिने खेळ सोडून दिला असे दाखवा, म्हणजे पालकांना बरे वाटेल. तसा उपदेश इथे नाही. खेळ वाईट की चांगला, या प्रश्नात लेखिका शिरतच नाही. ती एवढेच दाखवते, की त्या बंद दाराआड एक माणूस आहे, आणि त्याला सोबत हवी आहे; ती त्याने जिथे मिळाली तिथून घेतली.

हे पाहून झाल्यावर मी भाचीला फोन केला. भांडायचे होते, पण भांडण काही जमले नाही. मी विचारले, "तुझी ती पाच माणसे कोण गं?" हा प्रश्न मी तिला पूर्वी कधी विचारलाच नव्हता, हे विचारताना माझ्या लक्षात आले. मग ती अर्धा तास बोलत होती. एकजण इंदूरचा, बँकेत काम करतो. एक बाई केरळच्या, दोन मुलांच्या आई. एकाचे वडील मागच्या वर्षी वारले, तेव्हा उरलेले पाचजण चार रात्री खेळ न खेळता नुसतेच त्याच्याशी बोलत बसले होते. तिने त्यांच्यापैकी दोघांनाच प्रत्यक्ष पाहिले आहे. शेवटी ती म्हणाली, "आजारी पडले होते ना मामा, तेव्हा तुम्हाला कळवलं नव्हतं. त्यांना कळवलं होतं." यावर मला काही बोलता आले नाही. आम्हाला का कळवले नाही, हे विचारायचा अधिकार मी गेल्या दिवाळीत स्वतःच्या हाताने घालवला होता.

या वर्षीही ती येणार आहे. रात्री जेवणे झाल्यावर तिचे दार लोटलेले असेल, आणि आतून आरोळ्या येतील. मी ते दार ठोठावणार नाही. फार तर चकल्यांची ताटली घेऊन आत जाईन, आणि पलीकडच्या पाचजणांना माझा नमस्कार सांग म्हणेन.